पुंड्या, तू देव नव्हतास

पुंड्या, तुझ्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा गणपत पाटलानं बंडीच्या खिशातून बाटली काढली आणि तुझ्या पिंडावर दारू ओतली.

मी तिथं होते. बाईमाणसानं नदीवर येऊ नये म्हणून चार जणांनी मला अडवलं, त्यांना बाजूला सारून आले. माझा पाठचा एकुलता एक भाऊ गेला, आणि मी घरात बसून डाळ निवडू? भाताचा गोळा भिजून ढासळला, दर्प सुटला, आणि पाटील हात जोडून म्हणाला, "घे देवा, आता तं घे." कावळा आला. का येणार नाही? सकाळपासून उपाशी होता, आणि बाटली निघाली तशी माणसं मागं सरकली होती. पण एकच कालवा झाला. "पाह्यलं काय! त्याचा जीव तिच्यातच व्हता!" दोघातिघांनी तर डोळे पुसले. मला ओकारी आली. नुसती आल्यासारखी वाटली नाही, खरंच आली. मी पात्राकडं तोंड करून ओकले, तोंड धुतलं आणि कोणाशी न बोलता घरी आले.

लोक गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलतात. मला जमणार नाही. मला तुझी किळस यायची, हे तुला ठाऊक होतं. तुझी घाण झालेली धोतरं मी नाकाला पदर बांधून ओढ्यावर धुतली आहेत. तू ओट्यावर बसल्या जागेवरून म्हणायचास, "राहू दे व अक्का, मी धुतो." धुतो म्हणे! तुझ्यानं भिंत धरल्याशिवाय उठवत नव्हतं. सरू माहेरी निघाली तेव्हा सगळा गाव तुझ्या बायकोला नावं ठेवत होता. मी तिच्या गाठोड्यात माझी चांगली लुगडी घातली आणि म्हटलं, जा बाई, मागं वळून पाहू नको. त्यावरून तू माझ्याशी अबोला धरलास. मला अजून वाटतं मी बरोबर केलं, आणि तुला कधीच तसं वाटलं नाही. ते भांडण तसंच राहिलं.

पण तिफणीमागचा तू वेगळाच होतास. पेरणीच्या दिवसांत मी देऊळगाव राजाहून शाळेची रजा काढून यायचे, ती काय शेताच्या ओढीनं? तुझ्या शेजारून चालायला यायचे. तू तिफण धरायचास, मी वरच्या चाड्यावर बियांची मूठ धरायची, आणि ज्वारीचे दाणे नळ्यांतून खाली सरसरत जायचे. माझी मूठ आवळली की ओरडायचास, "अक्का, सैल सोड जराशी! दाणे काय पोरींच्या पाटीवर मांडून राह्यली काय?" मी शाळेतल्यासारखं बोलले की बैलांना सांगायचास, "सर्जा, माही बहीण पुण्याची झाली रे!" आसपासच्या गावांतले लोक पेरणीला तुला बोलवायला यायचे, कारण तुझा तास, पेरणीची ओळ, दोरी लावल्यासारखा सरळ पडायचा. बांधावर उभं राहून माणसं तो पाहायची. तू पाहत नाहीस असं दाखवायचास आणि मिशीतल्या मिशीत हसायचास.

मग हात कापायला लागला. पेरणीतली चूक झाकता येत नाही, ती हिरवी होऊन वर येते. त्या वर्षी पाटलाच्या शेतात तुझे तास नागमोडी उगवले आणि सगळ्या गावानं ते पाहिले. पुढच्या साली तुला कोणी बोलवायला आलं नाही. तू मृगाच्या तोंडावर रोज सकाळी धुतलेलं मुंडासं बांधून ओट्यावर बसायचास आणि दुपारी शिवेपलीकडं मोगलाईत चालू लागायचास. इकडं ठेक्याची दारू महाग, तिकडं निजामाच्या हद्दीत मोहाची स्वस्त. सगळ्या गावाला ती पायवाट ठाऊक होती.

तुझी सुटावी म्हणून मी कोणाकोणाचे उंबरे झिजवले, ते आठवलं की अजून अंगावर शहारे येतात. एका वैदूनं पुडी दिली, भाकरीत घाला म्हणाला. तुला रक्ताची उलटी झाली आणि तो म्हणाला, दारूच बाहेर पडून राह्यली. देऊळगावच्या दवाखान्यात कंपाउंडरला विचारलं, तर तो फिदीफिदी हसला. "दारू सोडाचं औषध? बाई, असतं तं म्या नसतं घेतलं?" टोपीवाले स्वयंसेवक आले, त्यांनी तुझ्या गळ्यात हार घातला, व्यसनावर तासभर बोलले, पोरांकडून टाळ्या घेतल्या आणि बैलगाडीत बसून पुढच्या गावी गेले. दुसऱ्या दिवशी काय करायचं ते एकानंही सांगितलं नाही. ज्याला त्याला तुला सोडवल्याचं पुण्य पाहिजे होतं. तुझ्याजवळ बसायला कोणाला वेळ नव्हता.

शेवटी गावानं जुना मार्ग काढला. महादेवाच्या देवळात पंचांसमोर तुझ्याकडून बेलभंडार उचलवला. बेलाचं पान आणि हळद हातात घेऊन माणूस बोलला, की ते मोडायची कोणाची छाती होत नाही. तुझीही झाली नाही. त्या दिवसापासून तू थेंबाला शिवला नाहीस, आणि कोणी चोरून पाजू नये म्हणून त्यांनी तुला कडब्याच्या कोठ्यात घालून बाहेरून कडी लावली.

मला निरोप शनिवारी मिळाला. मी आले तेव्हा कोठ्याचं दार सताड उघडं होतं आणि अर्धा गाव अंगणात बसला होता. मला वाटलं, गेलास. आत पाहिलं तर तू कडब्यावर बसून थाडथाड उडत होतास. अंगातून घामाच्या धारा, डोळे लालभडक, आणि भिंतीकडं बोट दाखवून ओरडत होतास, "मुंग्या! पाह्य व अक्का, मुंग्या! माह्यावर चढून राह्यल्या!" भिंतीवर काही नव्हतं. तुझ्या कपाळाला कुणीतरी मळवट भरला होता. पुढं नारळ, लिंबाचा डहाळा, धुपाचा धूर. आणि दगडू भगत डफावर थाप मारून सांगत होता, "आला! म्हसोबा आला! पुंडलिकाचं झाड केलं देवानं!"

अंगात येणाऱ्या माणसाला आपल्याकडं देवाचं झाड म्हणतात. तू आजारी होतास आणि या लोकांनी तुझं झाड केलं.

मी दगडूला म्हटलं, "अहो, याला हीव भरलंय. वैद्य आणा, पाणी आणा." दगडू माझ्याकडं न पाहता म्हणाला, "शाळा तिकडे शिकवा, बाई. इथीसा देव बसला आहे." पाटलाच्या आईनं विचारलं, देवा, माझा हरवलेला बैल कुठं? तू तेव्हा पाणी पाणी करत होतास. म्हणालास, "पानी... ओढ्यात..." आणि बैल ओढ्यात सापडला! उन्हाळ्यातला तहानलेला बैल, पुंड्या, ओढ्यात नाही सापडणार तर काय कचेरीत सापडेल? पण बाया तुझ्या पायांवर लोटांगणं घालायला लागल्या. ज्यांनी तुला बघून दार लावून घेतलं होतं, त्याच बाया. मग दगडूनं विचारलं, "देवा, काय पाह्यजे तुले?" आणि तू, दातावर दात आपटत, म्हणालास, "पाजा."

म्हसोबाला दारूचा नैवेद्य चालतो. तांब्या भरून आला. तू दोन्ही हातांनी धरलास, हनुवटीवरून सांडत घटाघटा प्यालास, आणि थोड्या वेळानं तुझं कापणं थांबलं. मुंग्याही गेल्या. दगडू म्हणाला, "देव शांत झाला," आणि सगळ्यांनी हात जोडले. बेलभंडार उचलवून दारू सोडवलेल्या माणसाला त्याच पंचांनी आपल्या हातानं पाजली आणि वर नमस्कार केला. तुझी शपथ मोडली नव्हती म्हणे, कारण प्यालास तो तू नव्हतास, देव होता. इतकी सोय मी कुठल्या शास्त्रात पाहिली नाही.

त्यानंतर दर अमावस्येला तू बसायचास. एक दिवस आधी तुला कोरडं ठेवायचे, म्हणजे कापरं भरतं, म्हणजे देव येतो. मग प्रश्न, मग तांब्या. ज्याला पेरणीला कोणी बोलवत नव्हतं, त्याला आता पाटील हात धरून न्यायला यायचा. ते मला कळत होतं रे. कळत होतं, म्हणूनच जास्त चीड यायची.

बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर आलाय असं आमच्या हेडबाईंनी सांगितलं, तेव्हा मी सर्व्हिस मोटारीत बसून एकटीच गेले. वाटलं, हाही हसेल. तो हसला नाही. सगळं ऐकून घेतलं, मुंग्यांचं दोनदा विचारलं, आणि म्हणाला, "बाई, रोज पिणाऱ्या माणसाची दारू एका दमात तोडली की शरीर असं बिथरतं. कापरं भरतं, नाही ते दिसतं. पुन्हा पाजली की थांबतं, म्हणून लोकांना वाटतं औषध झालं. यात माणसं मरतात. हा आजार आहे, त्याला इथं आणा. आपल्या मनानं तोडू नका आणि कोंडून तर मुळीच ठेवू नका." मी त्याच्या टेबलासमोर रडले. इतक्या वर्षांत आजार हा शब्द पहिल्यांदा ऐकला होता. तोपर्यंत ते एकतर पाप होतं नाहीतर देव.

तुला कसं न्यावं हा घोर होता. आणि तू आपणहून आलास! शाळा सुटताना फाटकाशी उभा होतास, मुलींना पाहून तोंड फिरवून. म्हणालास, "अक्का, मले कुठीसा तरी ने व. ते उद्या पुन्हा बसवतीन." तुझ्या तोंडून निघालेलं हे एक वाक्य मी जन्मभर जपीन. चिखलीपर्यंतच्या वाटेवर मोटार दर खड्ड्याला उडत होती आणि तू माझा हात पोरासारखा घट्ट धरला होतास.

दवाखान्यात तुला झोपेचं काय ते उग्र वासाचं औषध दिलं, त्याची तुला भयंकर शिसारी. दूध, अंडी, भाताची पेज. रात्रंदिवस दिवा लावून ठेवायचा, एकानं जवळ बसायचं, एवढं डॉक्टरनं बजावलं. कापरं आलं आणि गेलं, डफाशिवाय. तू जरा सावरल्यावर मी म्हटलं, "म्हसोबा नाही आला वाटतं इथं?" तू डोळे मिटूनच म्हणालास, "घाट चढवला नसन त्याच्याच्यानं." आपण दोघं इतके हसलो की नर्सबाई ओरडल्या. मग डॉक्टर रोज तुझ्या खाटेशी बसून तुला बोलतं करायचा. कधी प्यावीशी वाटते, कोण पाजतं, एकटा असताना काय करतोस. तू मला आजवर सांगितलं नव्हतंस ते त्याला सांगायचास, मी भिंतीआडून ऐकायचे. निघताना तो म्हणाला, "दर महिन्याला या. औषध थोडंच आहे, याला सोबत लागेल. आणि जिथं हातात तांब्या देतात तिथं जाऊ देऊ नका."

त्या साली आपण आपलं शेत पेरलं. तासाला थोडा बाक होता, पण तो तूच कबूल केलास आणि तूच हसलास. सरूला निरोप धाडावा का, असंही एकदा हळूच विचारलंस.

मग ढोरांना खुरकत आली. पाटील आणि दगडू नारळ घेऊन तुझ्या दारात. "पुंडलिका, गावावर वखत आला. झाड रुसलं तं कसं व्हईन?" मी दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, ढोरांच्या डॉक्टरला बोलवा, माझ्या भावाला सोडा. पाटील गोड आवाजात म्हणाला, "बाई, गावाचा मान हाय त्याले." तू आतून बाहेर आलास. धुतलेलं मुंडासं बांधून.

तेव्हाचं भांडण आपलं शेवटचं. मी तुला सरळ विचारलं, "खरं सांग पुंड्या, तुझ्या अंगात काही येतं का?" तू म्हणालास, "येते. तुले नाई समजनार, अक्का." मी म्हटलं, "मग बुलढाण्याला हसलास तो कोण होता?" तू मुंडासं नीट करायला लागलास. मी म्हटलं, "तू ढोंगी आहेस." तू म्हणालास, "ढोंगी तं ढोंगी," आणि पाटलाच्या मागं चालू लागलास. तेव्हापासून मी हाच विचार करत राहिले. खरंच मानत होतास, की दारूसाठी नाटक करत होतास? मानत असलास तर तू बिचारा. नाटक असलं तर माझ्या सगळ्या धडपडीवर थुंकलास. दोन्हीतलं काय धरून रडावं, तेच मला कळेना.

तू गेलास कसा हे मला चौथ्या माणसाकडून कळलं. पुन्हा तेच चालू झालं होतं, आदल्या दिवशी कोरडं आणि मग तांब्या, आणि त्यातल्याच एका अमावस्येला म्हसोबाच्या ओट्यावर घुमता घुमता तू आडवा झालास. फेस आला, हातपाय ताठले. माणसं भोवती उभी होती. कोणी पाणी दिलं नाही, कूस बदलली नाही, हाक मारली नाही. देव अंगात असताना झाडाला हात लावायचा नसतो! ते हात जोडून उभे राहिले, पुंड्या. तू गार होईस्तोवर हात जोडून उभे राहिले. ऊन चढलं तेव्हा दगडूला वाटलं, देव फार वेळ थांबला. मी आले तेव्हा तुझ्या ओठांवर मुंग्या होत्या. या खेपेला खऱ्या.

दहाव्याच्या संध्याकाळी पाटील घरी आला. तेराव्याला म्हसोबाशेजारी तुझ्या नावाचा दगड बसवायचा, शेंदूर लावायचा, वर्षाचा नैवेद्य लावून द्यायचा, त्याला माझी संमती पाहिजे होती. नैवेद्य कसला ते सांगायला नको. "तुमालेबी मान भेटन, बाई. देवाची बहीण तुमी." मी म्हटलं, "पाटील, तो देव नव्हता. आजारी माणूस होता, आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्याला मारला." तो वाईट वाटल्यासारखं तोंड करून निघून गेला. दगड बसणार हे मला तेव्हाच कळलं. बाराव्याच्या रात्री उशाला काठी घेऊन झोपले, की तेराव्याला ओट्यावर जाऊन आडवी पडीन, मग बसवा माझ्या अंगावर.

पण तेराव्याला पहाटेच काशी आली. भिका न्हाव्याची बायको. भिकाही तुझ्यासारखाच रोजचा पिणारा. धावत आली होती, पदराचं भान नव्हतं. तुझी चिता पाहून भिका घाबरला, त्यानं त्याच दिवसापासून थोडीथोडी कमी केली आणि दोन दिवसांपूर्वी साफ तोडली. आता तो थरथर कापत होता, आढ्याला साप दिसत होते. "अक्का, दगडू डफ घेऊन दारात आला आहे. म्या कडी घातली आतून, परसातून पयून आली. तो डाक्तर कुठीसा बसते ते सांगा."

मी थक्क झाले. म्हटलं, "तुला डॉक्टरचं कोणी सांगितलं?"

"पुंडलिक भाऊनं," ती म्हणाली. "जायाच्या आंधीच्या बाजारी. मले म्हने, वैनी, भिकानं कधी एकदम सोडली अन् कापाले लागला, तं दगडूले घरात घेऊ नोको. तो देव नसते. माह्या अंगात कधीच काई आलं नाई, वैनी. तलफ आली नुसती. अक्काकडे जाय, म्हने. तिले दवाखाना मालूम आहे, अन् ती हात नाई सोडत."

मी ओट्यावर खाली बसले. तुझ्या नावानं मी काय काय बोलले, ते काशीनं ऐकलंय. बोलू नको का? मला सांगायला तुझी जीभ झडत होती? माझ्या तोंडून ढोंगी म्हणवून घेतलंस, आणि काशीला खरं सांगितलंस! तोंडात दोन लगावायला तू समोर पाहिजे होतास. तू सगळं ओळखून होतास आणि तरी गेलास, कारण तिथं पाया पडत होते आणि तांब्या देत होते, आणि दुसऱ्याला वाचवायची वाट तुला दिसत होती, स्वतःला नाही. मेल्या, मला तुझा इतका राग आलाय.

गाडी जुंपली. भिकाला दोघींनी उचलून कडब्यावर घातलं. म्हसोबाच्या ओट्यावरून डफ ऐकू येत होता, तुझा दगड बसत होता. मी तिकडं गेले नाही. बसू दे. देऊळगावला मोटार गाठली, आणि आता हे बुलढाण्याच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहितेय. तोच डॉक्टर आहे. त्यानं तुझं विचारलं, मी सांगितलं, आणि तो उठून भिकाच्या खाटेशी जाऊन बसला.

आत काशी बसलीय, आता माझी पाळी आहे. मघाशी भिकानं माझं मनगट धरलं, दात वाजत होते, आणि विचारलं, "अक्का, देव आला काय व माह्या अंगात?"

मी म्हटलं, "नाही रे बाबा. पुंडलिकानं सांगितलंय."